चहात गोळी विरघळवण्याआधी

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणारी मुलगी २७ वर्षांची आहे, पुण्यात एका रुग्णालयात नर्स. वडील ५४ वर्षांचे, एसटीत चालक, आठवड्यातल्या तीन-चार रात्री मुक्कामी गाडीवर. आठ महिन्यांपूर्वी एका तपासणी शिबिरात त्यांचं बीपी १७२/१०४ निघालं. गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी दोन वेळा बोलावून मोजलं आणि दोन औषधं एकत्र असलेली एक गोळी सुरू केली. बाबांनी ती महिनाभर घेतली आणि सोडून दिली. ‘मला काही होत नाही’, ‘एकदा लागली की सुटत नाही’, ही त्यांची उत्तरं. डॉक्टरांना मात्र ते ‘घेतो की’ असंच सांगत राहिले. खरं कळलं तेव्हा डॉक्टर भरल्या दवाखान्यात रागावले. तेव्हापासून बाबांनी तिथली पायरी चढलेली नाही. सध्या ओळखीच्या कुणी दिलेलं ‘बीपीचं चूर्ण’ अधूनमधून घेतात. आजोबा अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं बाबांनीच केलं. आता आई म्हणते, गोळी कुटून सकाळच्या चहात घालू या. मुलगी विचारते, तसं करावं का? की डॉक्टरांना सांगून बाबांना एकदा चांगलं घाबरवावं? शेवटी ती लिहिते, ‘वॉर्डात अनोळखी माणसं माझं ऐकतात, घरात मात्र माझं कुणी ऐकत नाही.’

---

प्रिय मुली,

चहाचं आधी सांगतो. नको. आईंना सांग, डॉक्टरकाकांनी नाही म्हटलंय. वाईटपणा माझ्याकडे राहू दे.

आईंच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. चार वर्षं सासऱ्यांचं अंथरूण पाहिलेली बाई आहे ती. पण तू नर्स आहेस, जरा डोळ्यांसमोर आण. मुक्कामाच्या गाडीवरून आलेला माणूस एखाद्या सकाळी चहा अर्धाच पितो, एखाद्या दिवशी दोनदा मागतो. गोळी किती पोटात गेली, कुणाला सांगता येईल? काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात, त्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून तशा बनवलेल्या असतात. आणि समज, उद्या बाबांच्याच मनानं घेतलं आणि त्यांनी कपाटातली पट्टी काढून गोळी गिळली, तर त्या दिवशी पोटात दोन जातील. त्याच दुपारी घाट उतरताना चक्कर आली तर? मागे पन्नास माणसं बसलेली असतात.

शिवाय कुटलेली गोळी कडू लागते. एक ना एक दिवस त्यांना कळणारच. त्या दिवसापासून बीपीचा प्रश्न मागे पडेल आणि आईच्या हातचा चहा संशयाचा होईल. तीस वर्षांच्या संसारात हे नको. बाबा शुद्धीवरचे, कमावते, रोज शेकडो माणसांचा जीव सांभाळणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या शरीरात काय जातं ते त्यांना माहीत असायलाच हवं. चुकीचा निर्णय घ्यायचा हक्कही त्यांचाच आहे, हे लिहिताना मलाही जड जातं. पण ते तसंच आहे.

आता घाबरवण्याचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो: आजोबांचं सगळं बाबांनीच केलं. म्हणजे चार वर्षं रोज दोन-दोन तासांनी त्यांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, चमच्यानं पेज भरवली, लघवीची पिशवी रिकामी केली. ड्युटी करून आल्यावर. लकवा म्हणजे काय, हे या माणसाला कोणता डॉक्टर शिकवणार? मी नाही, तुझ्या गावातले डॉक्टर नाहीत आणि तूही नाहीस. त्यांना ते हातांनी माहीत आहे.

तुझ्या पत्रात सगळीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की बाबांना धोका कळत नाही, म्हणून कुणीतरी तो मोठ्या आवाजात सांगायला हवा. मला वाटतं, त्यांना तो तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतो. आणि जी भीती आधीच गळ्यापर्यंत आली आहे तिच्यात आणखी भर घातली की माणूस तो विषयच बंद करून टाकतो. दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं टाळतो. ‘मला काही होत नाही’ हे अज्ञानाचं वाक्य वाटतं, पण पुष्कळदा ते ‘यावर बोलू नका’ असं असतं. ३१ वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना मी ते हजारो वेळा ऐकलं. त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

कसा लागला ते सांगतो.

माझ्याकडे एक टेम्पोवाला यायचा. भाजीपाला भरून रात्री निघायचा, पहाटे वाशी मार्केटला पोचायचा. बीपी कायम १६०-१७० च्या घरात. दर वेळी मी विचारायचो, ‘गोळ्या घेतोस ना?’ तो म्हणायचा, ‘हो डॉक्टर.’ बीपी उतरत नाही म्हणून मी डोस वाढवला. तरी उतरेना, म्हणून दुसरी गोळी जोडली. वर्षभर हे चाललं. एकदा तो गेल्यावर केसपेपर लावता लावता माझा कंपाउंडर म्हणाला, ‘सर, तो गोळ्या घेतच नाही. गोळी घेतली की रात्री दर तासाला गाडी बाजूला लावायला लागते म्हणतो. माल उशिरा पोचला की भाव पडतो.’

कंपाउंडरला माहीत होतं, चहाच्या टपरीवाल्याला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ‘घेतोस ना?’ यातल्या त्या ‘ना’मध्येच उत्तर ठरलेलं असतं. समोर दहा माणसं बसलेली, डॉक्टर पेन घेऊन तयार, कोण नाही म्हणेल? आणि मी काय करत होतो, तर जी गोळी पोटात जातच नव्हती तिचा डोस वाढवत होतो. एखाद्या दिवशी बायकोच्या धाकानं त्यानं सगळ्या एकदम घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

पुढच्या वेळी मी त्याला वेगळं विचारलं. ‘गोळी रोज घेणं अवघड असतं, बहुतेकांची राहते. गेल्या आठवड्यात तुझी किती दिवस राहिली?’ तो खाली बघून हसला आणि म्हणाला, ‘सातही.’ मग पुढची पाच मिनिटं तोच बोलला. त्याच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. ते काढून दुसरं दिलं, वेळ बदलली. त्याचं बीपी सहा आठवड्यांत १३८ वर आलं, तेही आधीपेक्षा कमी औषधांवर.

तुझ्या बाबांनाही ‘दोन औषधं एकत्र असलेली’ गोळी आहे. अशा जोडगोळ्यांत पुष्कळदा एक औषध लघवी वाढवणारं असतं. पट्टीच्या मागे नाव वाचून ते तू पाच मिनिटांत ओळखशील. मुक्कामी गाडी पहाटे सुटते, बाबा गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसतात, गाडी भरलेली, पुढचा थांबा पाऊण तासावर. हा नुसता माझा अंदाज आहे. कारण दुसरंच असू शकेल. काहींच्या पायांना सूज येते, चप्पल घट्ट होते. काहींना बसल्या जागेवरून उठताना गरगरतं. काही पुरुषांना वैवाहिक संबंधांत अडचण जाणवते आणि ती ते मुलीजवळ काय, बायकोजवळही बोलत नाहीत. आणि चालक माणसाच्या बाबतीत आणखी एक मोठी शंका मनात ठेव. ‘बीपी’ हा शब्द कागदावर चढला तर ड्युटी काढून घेतील, हलकं काम देतील, ही धास्ती. चार वर्षांनी निवृत्ती, तुझं लग्न, घराचे हप्ते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असणारच. त्यांचं ‘एकदा लागली की सुटत नाही’ हे वाक्य कदाचित गोळीबद्दल नसेलच. ‘एकदा नोंद झाली की पुसली जात नाही’ असं त्यांना म्हणायचं असेल. यातलं खरं काय, ते फक्त बाबाच सांगू शकतात. आठ महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलंय का?

वॉर्डात तुझं ऐकतात ते का, याचाही विचार कर. तिथे तू पेशंटच्या उशाशी उभी राहून आधी विचारतेस, ‘काका, झोप लागली का? दुखतंय कुठे?’ आणि मग इंजेक्शनचं सांगतेस. घरी मात्र शनिवारी रात्री बॅग ठेवता ठेवता पहिलं वाक्य, ‘बाबा, गोळी घेतली?’ असं असेल, तर मुलगी आली की तपासणी आली, असंच त्यांना वाटणार. तुझी काळजी खरी आहे. फक्त ती दारातूनच अंगावर येते.

तेव्हा या खेपेला गोळीचा विषय घरात काढूच नकोस. जेवताना नको, आईसमोर नको. रविवारी संध्याकाळी ते तुला स्टँडवर सोडायला येत असतील. गाडीला वेळ असतो, दोघं बाकावर शेजारी शेजारी बसता, नजर समोरच्या फलाटावर. बापलेकीला अवघड बोलायला याहून बरी जागा नाही. तिथे विचार, ‘बाबा, गोळीनं तुम्हाला काय त्रास झाला होता?’ ‘का बंद केली?’ असं विचारू नकोस. ‘का’ म्हटलं की माणूस जाब द्यायला लागतो. आणि विचारून झालं की गप्प बस. ते लगेच काही बोलणार नाहीत. तंबाखू मळतील, एखाद्या गाडीच्या चालकाला हात करतील. तू थांब. ती शांतता भरून काढायचा मोह तुला होईल, सोडियमचं आणि किडनीचं सगळं शिकलेलं ओठांवर येईल. तेव्हाही थांब.

काहीतरी सांगितलं, तर तेच त्यांना परत सांग: ‘म्हणजे पहाटेच्या फेरीला अडचण व्हायची, असंच ना?’ आपलं बोलणं समोरच्याला कळलं, एवढ्यानंच माणूस निम्मा सैल होतो. मग विचार, ‘यावर मला थोडं माहीत आहे, सांगू का?’ ते हो म्हणाले तरच सांग, आणि तेही एकच गोष्ट. पहिल्या दिवशी एवढी एकच सांगावीस असं मला वाटतं: गोळ्या एकाच प्रकारच्या नसतात, एक सोसली नाही तर दुसरी असते, आणि हे डॉक्टरांना सांगितलं तर ते बदलून देतात. नाही म्हणाले, तर ‘बरं’ म्हणून गाडीत बस. पुढचा रविवार आहेच.

‘सुटत नाही’ याचं खरं उत्तरही कधीतरी द्यावं लागेल, ते लपवू नकोस. बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. पण ती तंबाखूसारखी लागत नाही. तिचं व्यसन नसतं, तलफ येत नाही. बंद केली तर बीपी पुन्हा जिथे होतं तिथे जातं, एवढंच. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर काहींचा डोस डॉक्टर कमी करू शकतात. ‘थोडे दिवस घ्या, मग बघू’ असं गोड खोटं आम्ही डॉक्टर पुष्कळदा बोलतो. पेशंट ते शब्दशः घेतो, थोडे दिवस घेतो आणि थांबतो. यात चूक आमची.

माझ्या त्या टेम्पोवाल्यानं एकदा आपणहून म्हटलं होतं, ‘म्हणजे डॉक्टर, निघण्याआधी टायर ठोकून बघतो, तसंच की हे. वरून टायर चांगलाच दिसतो.’ मी त्याला बीपीचं जे काही सांगत आलो होतो, त्यातलं काहीच इतकं नेमकं नव्हतं. तुझे बाबाही रोज पहाटे गाडीभोवती फेरी मारून टायर ठोकत असतील. पण ही उपमा तू त्यांना देऊ नकोस. त्यांची त्यांना सापडू दे, दुसरी कुठलीही सापडली तरी चालेल.

आता तुमच्या डॉक्टरांविषयी. भरल्या दवाखान्यात त्या वयाच्या माणसावर रागावणं बरोबर नव्हतं. पण मी त्या खुर्चीत बसलो आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. संध्याकाळच्या ओपीडीत साठ पेशंट, त्यात तापाची मुलं, कुणाचा दाखला, कुणाची पट्टी. ६७ देशांतली माहिती एकत्र करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात? बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगातली निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते तिथे पाच मिनिटं किंवा त्याहून कमी. एवढ्या वेळात डॉक्टर आकडा बघतो, गोळी लिहितो आणि ‘मीठ कमी करा’ म्हणतो. तो रागावतो तेव्हा त्याच्या मनातही भीतीच असते, या माणसाला उद्या ॲडमिट करावं लागेल ही.

म्हणून डॉक्टरांना आधी तू फोन कर. तक्रारीचा सूर नको. ‘सर, बाबांना गोळीचा काहीतरी त्रास होतोय असं वाटतं, गर्दी नसेल तेव्हा दहा मिनिटं द्याल का?’ एवढंच. बहुतेक डॉक्टर सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीची वेळ देतात. जाताना सगळ्या पट्ट्या, अर्ध्या राहिलेल्याही, एका पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून घेतलेल्या पाठदुखीच्या गोळ्यासुद्धा. हे मुद्दाम सांगतो, कारण चालकांची कंबर दुखतेच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी बीपी वाढतं, बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो, आणि रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. बाबा त्या घेत असतील, तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे.

त्या पिशवीत चूर्णाची पुडीही टाका. तिच्यावरून बाबांना बोलू नकोस, तेही औषध घ्यायचाच प्रयत्न करताहेत. बीपीवर झाडपाला चालत नाही, असं मी म्हणणार नाही. सर्पगंधेच्या मुळाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम आधुनिक वैद्यकात मान्य झाला तो मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या कामामुळे. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला आणि पुढे या कामासाठी त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं. मग ते आज क्वचितच का देतात? कारण त्यानं गुंगी येते, नाक चोंदतं, काहींचं मन खचतं, आणि आता त्याहून सोसणारी औषधं आहेत. म्हणजे झाडाच्या मुळात ताकद असते म्हणूनच ते कुणी, किती आणि कशात मिसळून दिलंय हे कळायला हवं. बाबांच्या पुडीत सर्पगंधा आहे की आणखी काही, तुलाही माहीत नाही आणि मलाही. स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसानं गुंगी आणणारी पुडी अंदाजानं घ्यायची नाही, एवढं मात्र पक्कं.

त्याच डॉक्टरांकडे जायला बाबा तयार नसतील, तर तो हट्ट धरू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी मोजतात आणि गोळ्याही मोफत मिळतात. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि महिन्याला आला नाही तर त्याला फोन, अशी ती साधी पद्धत. ‘तुमचं कार्ड दिसलं नाही, बरे आहात ना?’ असा फोन आला की माणूस येतो, हे मी पाहिलंय.

कोणाकडेही गेलात तरी बाबांनी दोन प्रश्न विचारावेत: ‘ही गोळी घेऊन मी गाडी चालवू शकतो का?’ आणि ‘मुक्कामाच्या दिवशी कोणत्या वेळी घेऊ?’ नवीन गोळी सुरू करायचीच असेल, तर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी करा, म्हणजे पहिली मात्रा रस्त्यावर नको. ड्युटीचे नियम काय आहेत तेही टपरीवरच्या गप्पांवरून ठरवू नका, आगारात नीट विचारून घ्या. निघताना डॉक्टरांनी विचारलं नाही तर तूच बाबांना विचार, ‘आईला घरी गेल्यावर काय सांगणार आहात?’ काय कळलं आणि काय सुटलं, ते त्या एका उत्तरात दिसतं. माझ्या व्यवसायबंधूंनाही माझी हीच विनंती आहे. ‘कळलं ना?’ असं विचारण्याऐवजी ‘घरी काय सांगाल?’ असं विचारून बघा. एखादं मिनिट जास्त जातं, पण पुढचे सहा महिने वाचतात.

गोळी सुरू झाली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मुक्कामी चालकाच्या बाबतीत तोच मोठा आहे. पट्टी घरी फ्रिजवर आणि माणूस आठवड्यातल्या चार रात्री दुसऱ्या गावात. एक पट्टी घरी, एक ड्युटीच्या बॅगेत, तिकडे जिथे दाढीचं सामान आणि टॉवेल असतो. एखादी गोळी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच.

घरात दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभरानं दुसऱ्यांदा मोजायचं, मोजताना बोलायचं नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, मुक्कामाचे दिवस सुटले तरी चालतील, एका वहीत लिहायचं. वही बाबांनी लिहायची. तू नाही, आईंनी नाही. लॉगशीट भरायची त्यांना सवय आहे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या आत असावी, दवाखान्यात १४०/९० च्या आत. आणि एकदम तिथवर पोचलं नाही म्हणून निराश होऊ नका. वरचा आकडा दहानं उतरला तरी अर्धांगवायूचा धोका साधारण चौथ्या हिश्शानं कमी होतो. आजोबांची चार वर्षं ज्यानं पाहिली आहेत त्याला याचं मोल मी काय सांगू?

तंबाखूचं आता काही काढू नकोस. मला ठाऊक आहे, तुझे हात शिवशिवत असतील. तंबाखू सुटायलाच हवी, पण एकाच महिन्यात गोळी, मीठ, तंबाखू आणि चालणं असं सगळं मागितलं की माणूस सगळंच नाकारतो. काय आधी करायचं ते त्यांनी निवडू दे. मिठाबद्दल आईंशी बोल, पण पदार्थांवर बंदी घालू नका. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आपल्याकडे ती डब्यातच संपते: ठेचा, लोणचं, पापड, वर भाजीवर भुरभुरलेलं. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर आधी ते थांबवा. आठवडाभरात कुणाला आठवणारही नाही. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते त्रासदायक ठरतं.

तुला माहीत आहे, पण घरात सगळ्यांना ठाऊक असावं म्हणून लिहितो. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एका हातातली ताकद गेली, जीभ जड झाली, छातीत दुखलं, दम लागला, तर आकडा मोजत बसू नका आणि जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका. १०८ ला फोन करा. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. बाबांच्या कंडक्टरलाही हे माहीत असेल तर बरं.

आणि एवढं सगळं करूनही ते नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. जुनाट आजारांची औषधं नियमित घेणारे लोक श्रीमंत देशांतही सरासरी निम्मेच असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात म्हटलं होतं. बाबा जगावेगळे नाहीत, आणि तू मुलगी म्हणून कमी पडलीस असंही नाही. त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर तू तोंड फिरवलंस तर तो विषय कायमचा बंद होतो. ‘बरं, पुन्हा कधीतरी बोलू’ म्हणालीस तर उघडा राहतो. ज्या दिवशी मुक्कामाच्या गावात एखाद्या ओळखीच्या चालकाला काही होईल, त्या दिवशी ते कुणाला फोन करतील? तो फोन तुला यावा, एवढी वाट मोकळी ठेव.

एक राहिलं. तुझ्या तीन पानी पत्रात आईंचं बीपी किती आहे ते कुठेच नाही. तुझंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा वर्षांवरच्या साधारण २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के बायकांचं बीपी वाढलेलं किंवा गोळीवर असलेलं आढळलं. म्हणजे बायकांचं फार मागे नाही. फक्त त्यांच्यासाठी आगारात शिबिर भरत नाही. मशीन आणशील त्या दिवशी पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांध. मग आईंच्या. आकडे मोठ्यानं वाच आणि वहीत लिही. बाबा तिथेच पेपर वाचत बसलेले असतील. त्यांना बोलावू नकोस. मशीन टेबलावर तसंच राहू दे आणि चहा ठेवायला आत जा.

तुझा,
डॉक्टरकाका